मुठीचे शिक्षण

शाळेतला पोरगा कुणाला ठोसा लगावून घरी आला, तर आपण त्याचा कान धरतो. मग हाच पोरगा उद्या म्हणाला, "गुरुजी, मला मुष्टियुद्ध शिकायचंय," तर त्याला काय सांगायचे? ठोसे मारण्याचे शिक्षण घेऊन पोरगा भांडकुदळ होईल की शहाणा होईल? आज या प्रश्नाविषयी थोडे बोलावयाचे आहे.

मुठीची लढाई आपल्याकडे नवी नाही. कंसाच्या दरबारात कृष्णाने चाणूराला लोळविले आणि बलरामाने मुष्टिकाला, ही कथा कीर्तनातून सर्वांनी ऐकली आहे. मुष्टिक हे नावच मुठीवरून आलेले. कथा राहू द्या. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात मल्लांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. मल्लाने काय खावे, ओझी कशी उचलावीत, किती चालावे, पाण्यात मेहनत कशी करावी, खांबावरचा व्यायाम कसा करावा, असा सारा तपशील त्यात दिला आहे. प्रत्यक्ष झुंज घटकाभराची, पण तयारी बारा महिन्यांची, हे तेव्हाच्या लोकांना पक्के ठाऊक होते.

आजचे हातमोजे घालून खेळायचे मुष्टियुद्ध मात्र विलायतेचे. तीन मिनिटांची फेरी, मध्ये एक मिनिट विश्रांती, खाली पडलेल्याला उठायला दहा सेकंद, हे नियम तिकडे १८६७ साली छापले गेले. आपल्याकडे हा खेळ मुख्यतः गोऱ्या पलटणींबरोबर आला. नगरचा किल्ला १८०३ च्या ऑगस्टात इंग्रजांच्या हाती पडला, तेव्हापासून लष्कर आणि नगर यांची गाठ पडली ती आजतागायत. रणगाडा दलाचे शिक्षण केंद्र इथेच आहे. मुंबईत १९२५ साली हौशी मुष्टियुद्धाची संघटना निघाली आणि १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला भारताचे मुष्टियोद्धे गेले. तरी खेड्यातल्या मराठी पोराला हातमोजे भेटले ते बहुधा फौजेतच.

अशाच एका पोराची हकीकत सांगतो. मुरलीकांत पेटकर हे सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूर भागातले. ते फौजेत दाखल झाले आणि तिथे मुष्टियोद्धा म्हणून नावारूपाला आले. १९६५ च्या पाकिस्तान-युद्धात सियालकोट आघाडीवर त्यांना गोळ्या लागल्या. एक गोळी कण्यात अडकली नि कमरेखालचे अंग लुळे पडले. ज्याचा सारा खेळ पायांच्या चपळाईवर, त्याचे पायच गेले! उपचाराचा भाग म्हणून ते पाण्यात उतरले, पोहू लागले. १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्ग येथे अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी ५० मीटरचे अंतर ३७.३३ सेकंदांत कापले. तो विश्वविक्रम होता, आणि त्या स्पर्धांतले भारताचे ते पहिले सुवर्णपदक. सरकारने पद्मश्री दिली ती २०१८ साली. फार उशीर झाला, असे मला वाटते.

आता कुणी म्हणेल, हे सारे मुष्टियुद्धामुळेच झाले कशावरून? तसे मी म्हणत नाही. पण त्या तालमीत काय घडते ते पाहा. ठोसा येताना दिसला की माणूस डोळे मिटतो आणि तोंड फिरवतो. हा देहाचा स्वभावच. उस्ताद पहिल्यांदा शिकवतो ते हेच, की डोळे उघडे ठेव, श्वास सोड, पाय हलव. महिनोन्‌महिने दोरीवरच्या उड्या, वाळूच्या पोत्यावर मेहनत, नुसत्या हवेत हात चालवणे. याने छाती भरते, दम वाढतो, पाय हलके होतात. आणि हळूहळू मार बसला तरी डोके थंड ठेवण्याची सवय लागते. रागावलेला गडी आंधळेपणाने हात फेकतो, दुसऱ्या फेरीतच त्याला धाप लागते आणि तो हरतो. तिथे रागाची शिक्षा हातोहात मिळते.

अर्थात, सगळ्यांनाच हे साधते असे नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत नगरच्याच वाडिया पार्कमध्ये महाराष्ट्र केसरीची कुस्ती झाली. पंचांच्या निर्णयावरून एका नामवंत मल्लाचा तोल गेला आणि त्याने पंचांना लाथ मारली. दोघा मल्लांवर तीन-तीन वर्षांची बंदी जाहीर झाली. वर्षानुवर्षांची मेहनत एका क्षणात पणाला लागली. अंग कमावले होते, राग मात्र कमवायचा राहिला होता.

शिक्षक बंधुभगिनींना आणखी एक गोष्ट सांगणे जरूर आहे. डोक्यावर वारंवार ठोसे बसले तर मेंदूला कायमची इजा होते, हे एका अमेरिकन डॉक्टराने १९२८ सालीच लिहून ठेवले आहे. तेव्हा शाळकरी मुलामुलींना एकमेकांच्या डोक्यावर ठोसे मारू देऊ नका. होय, मुलींनाही शिकवा. २०१२ पासून ऑलिंपिकमध्ये स्त्रियांचे मुष्टियुद्ध आहेच. दोरी, पोते, हवेतला सराव आणि पायांची चाल एवढे पुष्कळ झाले. दोरी नाड्याची चालते. पोत्यात निव्वळ वाळू मात्र भरू नका, मनगट दुखावते. चिंध्या आणि भुसा ठासून भरा, नि ते शाळेमागच्या लिंबाच्या फांदीला मुलांच्या छातीच्या उंचीवर टांगा. मुठीला आधी कापडी पट्टी गुंडाळायला शिकवा.