पोहण्यात नवखे आहात? तरीही अमेरिकेतल्या हायस्कूलच्या स्विम टीममध्ये जागा मिळू शकते, पण कशी?

फ्लोरिडातल्या विंटर हेवन गावातला एक मुलगा. शाळेत आधी बाकीचे खेळ करून पाहिले, पण कुठेच जमलं नाही. शेवटी १७ व्या वर्षी, हायस्कूल संपत आलेलं असताना, तो शाळेच्या स्विम टीममध्ये गेला. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये त्याच मुलानं ३ सुवर्णपदकं जिंकली. त्याचं नाव राउडी गेन्स.

आता असा गेन्स लाखात एखादाच होतो, हे उघड आहे. पण उशिरा सुरुवात करणाऱ्या मुलाला शाळेच्या टीमचं दार उघडं मिळणं, ही अमेरिकेत तेवढी दुर्मिळ गोष्ट नाही. तिथे नव्यानं गेलेल्या मराठी घरांत मात्र हे पटकन पटत नाही. "आमच्या पोराला जेमतेम पोहता येतं, त्याला टीममध्ये कोण घेणार?" असं म्हणून विषय तिथेच संपतो.

याचं कारण आपल्याकडच्या पद्धतीत आहे. महाराष्ट्रात शालेय जलतरण स्पर्धा तालुका किंवा जिल्ह्यापासून राज्यापर्यंत होतात. पण मूल सहसा क्लबमध्ये किंवा पालिकेच्या तलावावर तयार होतं आणि शाळेच्या नावानं फक्त उतरतं. म्हणजे आधी तयारी, मग शाळा. अमेरिकेत अनेक ठिकाणी हा क्रम उलटा असतो.

ही टीम नेमकी असते काय?

अमेरिकेत हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी. शाळेचा कोच असतो, हंगाम ठरलेला असतो आणि दुसऱ्या शाळांशी सामने होतात. या सामन्यांना 'मीट' म्हणतात. देशभरात दरवर्षी २ लाखांहून जास्त मुलंमुली शाळेकडून पोहतात.

टीममध्ये साधारण दोन थर असतात. शाळेचा मुख्य संघ म्हणजे 'व्हर्सिटी' आणि त्याखालचा 'ज्युनिअर व्हर्सिटी', म्हणजेच 'जेव्ही'. लहानपणापासून क्लबमध्ये पोहणारी मुलं व्हर्सिटीत दिसतात. नवख्यांची सुरुवात बहुतेक वेळा जेव्हीत होते.

नवख्यांना खरंच घेतात?

ते शाळेवर अवलंबून आहे. काही शाळांत 'नो-कट' पद्धत असते. म्हणजे जो येईल, नियमित सराव करेल आणि पाण्यात सुरक्षित असेल, तो टीममध्ये. जिथे तलाव लहान आणि मुलं जास्त, तिथे 'ट्रायआउट' म्हणजे निवड चाचणी होते. त्यामुळे कोचला पहिला प्रश्न हाच विचारायचा: तुमची टीम नो-कट आहे का?

किती पोहता आलं पाहिजे?

देशभरासाठी एकच अशी अट नाही. पण खोल पाण्यात न घाबरणं आणि न थांबता तलावाची एक लांबी फ्रीस्टाइलनं पार करणं, एवढी तयारी करूनच जावं. हायस्कूलचे तलाव बहुतेक २५ यार्डांचे, म्हणजे २२.८६ मीटरचे असतात. ऑलिम्पिकच्या ५० मीटरच्या तलावाच्या निम्म्याहूनही कमी.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. स्विम टीम म्हणजे पोहायला शिकवण्याचा क्लास नाही. अजिबात पोहता येत नसेल तर आधी वायएमसीएमध्ये किंवा शहराच्या तलावावर शिकून घ्या. सगळ्यांसमोर लाज वाटते म्हणून "येतं मला" असं ठोकून देऊ नका. बाकी खेळांत अशी थाप फार तर हशावर निभावते, पाण्यात ती जिवावर बेतू शकते. त्याच कारणासाठी शिकवल्याशिवाय उथळ बाजूला सूर मारू नका आणि पैजेवर पाण्याखाली श्वास रोखून बसू नका.

पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेल्यांना वेगळीच अडचण येते. पाण्याची भीती नसते, पण डोकं सतत वर ठेवायची सवय असते. डोकं वर गेलं की कंबर आणि पाय खाली जातात, पाणी जास्त अडवतं आणि दम लवकर लागतो. म्हणून पहिलं काम असतं चेहरा पाण्यात ठेवून हळूहळू श्वास सोडायला शिकणं. श्वास घ्यायला फक्त मान कुशीला वळवायची.

सरावात काय होतं?

एका लेनमध्ये चार-पाच जण असतात आणि सगळे गोल फिरत पोहतात. जाताना लेनच्या उजव्या कडेनं, येतानाही आपल्या उजव्या कडेनं. भारतात रस्त्याच्या डावीकडून चालायची सवय असलेल्यांनी पहिल्या दिवशी हे पक्कं लक्षात ठेवावं, नाहीतर समोरासमोर टक्कर ठरलेली. मागच्यानं पायाला हलकेच बोट लावलं तर त्याला पुढे जायचं आहे असं समजा. भिंतीशी पोहोचल्यावर कोपऱ्यात थांबून वाट द्या.

भिंतीवरचं मोठं घड्याळ सराव चालवतं. '५० यार्ड, ८ वेळा, दर मिनिटाला' असं सांगितलं की तुम्ही ५० सेकंदांत पोहोचलात तर १० सेकंद विश्रांती, ५५ सेकंद लागले तर फक्त ५. अनुभवी मुलं एका सरावात ४-५ हजार यार्डही पोहतात. नवख्यानं पहिल्या आठवड्यात तेवढं करायला जाऊ नये. एखादी फेरी सोडावी, पण कोचला सांगून.

मीटमध्ये नवख्याचा उपयोग काय?

मीटमध्ये १२ प्रकार असतात: ११ पोहण्याचे आणि एक डायव्हिंगचा. एका मुलाला जास्तीत जास्त ४ प्रकारांत भाग घेता येतो आणि त्यांतले वैयक्तिक फक्त २. म्हणजे दोन-तीन स्टार पोहणाऱ्यांच्या जोरावर अख्खी मीट काढता येत नाही. टीमला माणसं लागतातच.

६ लेनच्या तलावात दोन शाळांची मीट असेल तर वैयक्तिक शर्यतीत पहिल्या पाच जणांना अनुक्रमे ६, ४, ३, २, १ असे गुण मिळतात. पाचव्या नंबरचा तो एक गुणही टीमच्या खात्यात जमा होतो.

दुसरी गोष्ट नियमांची. ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये भिंतीला दोन्ही हात एकाच वेळी लावावे लागतात. एक हात लावला की बाद. इशाऱ्याआधी उडी मारली तरी बाद. वेगानं पोहून बाद झालेला शून्य गुण आणतो आणि मागून नियमात आलेला एक नंबर वर सरकतो. नवख्यानं वेगाआधी नियम शिकावेत ते यासाठीच.

शिवाय ५०० यार्डांची शर्यत आहे. तलावाच्या २० लांबी! पोहणाऱ्याला मोजणी कळावी म्हणून टीममधलं कुणीतरी पलीकडच्या टोकाला बसून ३, ५, ७ अशा आकड्यांची पाटी पाण्यात धरतं. हे काम नवख्यांनी आवर्जून मागून घ्यावं. दुसऱ्याची शर्यत इतक्या जवळून बघण्यासारखी शिकवणी नाही आणि टीममध्ये ओळखी होतात त्या अशाच.

नाव देण्याआधी काय कराल?

- हंगाम तपासा. न्यू जर्सीत हायस्कूलचा हंगाम हिवाळ्यात असतो, कॅलिफोर्नियात वसंतात. मिनेसोटात मुलींचा शरद ऋतूत आणि मुलांचा हिवाळ्यात. तारीख चुकली तर थेट पुढचं वर्ष.
- डॉक्टरांचा फॉर्म भरून घ्या. खेळण्यास योग्य असल्याची वैद्यकीय तपासणी सहसा सक्तीची असते. दमा असेल तर लपवू नका.
- अभ्यास सांभाळा. मार्क ठरावीक पातळीखाली गेले तर खेळता येत नाही.
- खर्च विचारा. काही शाळा खेळासाठी वेगळी फी घेतात. सुरुवातीला स्विमसूट, टोपी आणि नीट बसणारे दोन गॉगल पुरतात.
- कपड्यांचा संकोच असेल तर मुलांना आणि मुलींना दोघांनाही गुडघ्यापर्यंतचा स्विमसूट शर्यतीच्या नियमात बसतो.

आणि सगळ्यात शेवटी आलो तर?

येणार. पहिल्या काही मीट्समध्ये बहुतेक नवखे शेवटीच येतात. सगळे बाहेर पडलेले असताना एकट्यानं उरलेली लांबी पोहणं हीच खरी भीती असते.

पण पोहण्याच्या शर्यतीत नंबराबरोबर प्रत्येकाची वेळही नोंदवली जाते. ५० यार्डांना नोव्हेंबरमध्ये ४८ सेकंद लागले आणि फेब्रुवारीत ३९, तर मधले ९ सेकंद तुमचे. शेजारच्या लेनमध्ये कोण होतं, यानं त्यात काहीच फरक पडत नाही. म्हणून पहिल्या मीटचा नंबर विसरलात तरी चालेल. वेळ मात्र वहीत लिहून ठेवा.