जुनी वाइन, मित्रांची पंगत आणि पुराव्याचा प्रश्न

५ डिसेंबर १९८५ रोजी लंडनच्या क्रिस्टीज या लिलावगृहात वाइनची एक बाटली १,०५,००० पाउंडांना विकली गेली. तोवर एका बाटलीला एवढी किंमत कुणी दिली नव्हती. बाटलीच्या काचेवर १७८७ हे साल, लाफीत हे नाव आणि ‘टीएच. जे.’ ही अक्षरं कोरलेली होती. दावा असा, की ही बोर्दोच्या शॅटो लाफीतची वाइन आणि तिचे मूळ मालक थॉमस जेफरसन, म्हणजे पुढे अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष झालेले गृहस्थ. जेफरसन त्या काळात फ्रान्समध्ये अमेरिकेचे राजदूत होते आणि १७८७ मध्ये बोर्दोला जाऊनही आले होते. गोष्ट छान जुळत होती.

बाटली आणली होती हार्डी रोडनस्टॉक नावाच्या जर्मन संग्राहकाने. पॅरिसमधल्या एका भिंतीआड बुजवलेल्या तळघरात हा साठा सापडला, असं तो सांगायचा. पण कुठलं घर, एकूण किती बाटल्या, विकल्या कुणी, हे त्याने कधीच सांगितलं नाही.

पीएचडीच्या कोर्सवर्कमध्ये ‘स्रोताची पारख’ हा भाग एका तासात उरकला जातो. पेटच्या तयारीत तर तो पाठ करून सोडून देण्याचा विषय. म्हणून हे प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं. जगातले उत्तम जाणकार या बाटल्यांच्या आसपास होते, आणि तरीही साधा प्रश्न विचारायला वीस वर्षं गेली. असं का झालं, याचं उत्तर शोधायचं तर लिलावाच्या आधी जेवणाच्या टेबलाकडे बघावं लागतं.

पंगतीत प्रश्न विचारत नाहीत

वाइनची नेहमीची बाटली ७५० मिलिलिटरची. दहा जणांत वाटली तर प्रत्येकाला ७५ मिलिलिटर, म्हणजे अर्ध्या कपाच्या आसपास. एवढी महाग, एवढी दुर्मीळ गोष्ट एकट्याने पिण्यात मजा नसते. त्यामुळे या छंदाची रीतच अशी, की मित्र जमवायचे, जेवणाबरोबर बाटल्या उघडायच्या आणि चवीवर बोलायचं.

रोडनस्टॉक अशा मेजवान्यांसाठी प्रसिद्ध होता. १९९८ मध्ये म्युनिकला त्याने शॅटो दिकेम या गोड वाइनची तब्बल १२५ वेगवेगळ्या सालांची चव पाहुण्यांना दिली. पाहुण्यांत समीक्षक असत, लिलाववाले असत, वाइनचे ग्लास बनवणारे असत. सगळं यजमानाच्या खर्चाने.

आता सांगा, पंगतीत बसल्यावर वाढणाऱ्याला ‘हे तूप नक्की कुठून आणलं?’ असं कुणी विचारतं का? विचारणारा उद्धट ठरतो. शिवाय पुढच्या वर्षीचं आमंत्रण जातं ते वेगळंच.

हीच गोष्ट अमेरिकेत पुन्हा घडली. रुडी कुर्नियावान हा इंडोनेशियात जन्मलेला तरुण २००० नंतरच्या काही वर्षांत लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्कच्या श्रीमंत वाइनप्रेमींत मिसळला. हजारो डॉलर्सच्या बर्गंडी वाइन तो मित्रांसाठी सहज उघडायचा. २००६ मध्ये त्याच्या संग्रहाचे दोन लिलाव झाले. दोन्ही मिळून सुमारे साडेतीन कोटी डॉलर्सचे. जेवण झालं की रिकाम्या बाटल्या आपल्याकडे पाठवून द्या, असं तो न्यूयॉर्कच्या रेस्टॉरंटला सांगायचा. कुणाला वावगं वाटलं नाही. २०१२ मध्ये एफबीआयने त्याला अटक केली तेव्हा घरात जुन्या बाटल्या, बुचं आणि छापलेल्या लेबलांचे ढीग निघाले.

मानक आणि नमुना एकाच हातचे

‘पण जाणकारांना चव कळली नाही?’ हा प्रश्न हमखास येतो. यावर लोक हसतात आणि म्हणतात, वाइनचं ज्ञान हे सगळं थोतांडच. एवढं सोपं नाही ते.

मी विश्लेषणात्मक रसायनशास्त्रातली. आमच्याकडे कुठलंही उपकरण वापरण्याआधी त्याचं कॅलिब्रेशन करतात. ज्याचं प्रमाण आधीच पक्कं माहीत आहे असं मानक द्रावण घ्यायचं, उपकरणाचं उत्तर त्याच्याशी जुळवायचं आणि मगच अनोळखी नमुना तपासायचा. जीभ आणि नाक हीसुद्धा उपकरणंच. सरावलेला माणूस अलीकडची सालं पुष्कळदा ओळखतो, कारण त्याने त्यांची खात्रीची उदाहरणं शेकड्याने चाखलेली असतात.

पण १७८७ ची चव कशी असते हे कुणाला ठाऊक होतं? अठराव्या शतकातली वाइन चाखायची संधीच मुळात दुर्मीळ, आणि ज्यांना ती मिळाली त्यातल्या अनेकांना रोडनस्टॉकच्याच टेबलावर मिळाली. म्हणजे मानकही त्याचं आणि नमुनाही त्याचाच. अशा वेळी दोन्ही जुळले तर त्यातून सिद्ध काहीच होत नाही.

त्यात भर पडते अपेक्षेची. २००१ मध्ये बोर्दोच्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन गंधहीन लाल रंग घालून दिली. त्यांनी तिच्या वासाचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. नुसता रंग एवढं करत असेल, तर काचेवर कोरलेलं नाव काय करेल?

प्रयोगशाळेचं उत्तर

मग यंत्रांना विचारू या! इथेही गंमत आहे. एका जर्मन संग्राहकाने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आपली ‘जेफरसन’ बाटली म्युनिकमध्ये तपासून घेतली. निष्कर्ष आला, की आतली जवळजवळ निम्मी वाइन १९६२ च्या सुमाराची किंवा नंतरची आहे. रोडनस्टॉकने झुरिकमध्ये दुसरी तपासणी करवली. तिथे एवढी अलीकडची वाइन सापडली नाही. शेवटी भांडण कोर्टात जाऊन तडजोडीने मिटलं.

झुरिकची पद्धत कार्बन-१४ ची होती. तिची मर्यादा लक्षात ठेवा. अणुचाचण्यांमुळे वातावरणातला कार्बन-१४ १९५० नंतर एकदम वाढला, म्हणून त्यानंतरचा पदार्थ चटकन ओळखू येतो. पण साधारण १६५० ते १९५० या काळाचा आलेख इतका वरखाली जातो, की १७८७ आणि १९०० यांत फरक सांगणं अवघड होतं.

बिल कोक या अमेरिकन उद्योगपतीने १९८८ मध्ये अशा चार बाटल्या सुमारे पाच लाख डॉलर्सना घेतल्या होत्या. २००५ मध्ये बोस्टनच्या संग्रहालयात प्रदर्शनाची तयारी करताना त्यांच्या उगमाचे कागद हवे होते, आणि कागद नव्हतेच. मग तपास सुरू झाला. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ फिलिप ह्यूबेर यांनी आल्प्सच्या पोटातल्या भूमिगत प्रयोगशाळेत बाटली न उघडता तिच्यातून येणारे गॅमा किरण मोजले. शोध होता सीझियम-१३७ चा. हे मूलद्रव्याचं रूप निसर्गात अणुयुगाआधी नव्हतंच.

सीझियम सापडलं नाही. म्हणजे बाटली खरी? नाही! एवढंच कळलं, की वाइन अणुयुगाच्या आधीची आहे. ती १७८७ ची असेल किंवा १९४० चीही. नकारात्मक निकालाचा अर्थ नेमका किती ताणायचा, हे शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

बाटली अडकली ती दुसरीकडेच. काचेवरची अक्षरं तपासणाऱ्या कारागिरांनी सांगितलं, की हे कोरीवकाम विजेवर फिरणाऱ्या हत्याराचं आहे. अठराव्या शतकात ते कुठून येणार? २००६ मध्ये कोक यांनी दावा लावला. रोडनस्टॉकने आरोप कायम नाकारले. २०१८ मध्ये तो वारला.

वह्या उघडल्या असत्या तर

खरं तर सगळ्यात स्वस्त पुरावा पहिल्या वर्षीच हाताशी होता. जेफरसन हिशेबाच्या बाबतीत काटेकोर माणूस. खर्च, पत्रं, वाइनच्या मागण्या, सगळ्याच्या नोंदी. मॉन्टिचेलो या त्यांच्या घराची देखभाल करणाऱ्या संस्थेतल्या संशोधकांनी १९८५ मध्येच त्या चाळल्या आणि १७८७ च्या या बाटल्यांचा मागमूस नाही असं सांगितलं. ऐकलं कुणी नाही.

कुर्नियावानचं बिंगही वहीनेच फुटू लागलं. एप्रिल २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात दोमेन पोंसोच्या ‘क्लो सें-दनी’ वाइनच्या १९४५ ते १९७१ च्या बाटल्या आल्या. लोराँ पोंसो स्वतः फ्रान्सहून विमानाने गेले, कारण त्यांच्या घराण्याने ही वाइन १९८० च्या दशकाआधी कधी केलीच नव्हती. बाटल्या मागे घेतल्या गेल्या. डिसेंबर २०१३ मध्ये कुर्नियावान दोषी ठरला आणि पुढे त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. पोंसोंना त्यासाठी एक घोटही चाखावा लागला नाही.

संशोधनात आपणही अशाच पंगतीत बसतो. ओळखीच्या लॅबमधून पेशींचा नमुना येतो, सीनियर डेटाची फाइल प्रेमाने देतो, गाईडच्या मित्राकडून दुर्मीळ हस्तलिखिताची प्रत मिळते. घेताना ‘हे कुठून आलं, मधे कुणाकुणाच्या हातून गेलं?’ हे विचारायला जीभ रेटत नाही. तरी विचारा, आणि उत्तर तारखेसकट वहीत लिहा. चांगल्या माणसाला त्याचा राग येत नाही.

कारण नुकसान फक्त पैशांचं नसतं. क्रिस्टीजचे मायकेल ब्रॉडबेंट यांनी आयुष्यभर चाखलेल्या वाइनच्या नोंदी ठेवल्या आणि त्यांची पुस्तकं आजही संदर्भ म्हणून वापरतात. अठराव्या शतकातल्या वाइनच्या त्यांच्या अनेक नोंदी रोडनस्टॉकच्या बाटल्यांवरच्या आहेत. त्यांनी जे हुंगलं ते प्रामाणिकपणे लिहिलं, याबद्दल मला शंका नाही. पण ग्लासात नक्की काय होतं, हे आता तपासता येणार नाही. नमुना सगळ्यांनी मिळून, आनंदाने, पिऊन टाकलेला आहे.