ढेकूण, वाळवी आणि रँडसाहेब

शिरूरला वाळवी आणि दौंडला ढेकूण, अशी आमच्या नातेवाइकांत वाटणी झालेली आहे. त्यामुळे "औषध मारणारा खात्रीचा माणूस कोण हो?" हा प्रश्न मला दोन्हीकडून येतो. मी उत्तराला १८९७ सालापासून सुरुवात करतो. निम्मी मंडळी तिथेच उठतात.

त्या साली पुण्यात प्लेग होता. रँडसाहेबाच्या कमिटीने घरं तपासायचं काम चक्क गोऱ्या पलटणीकडे दिलं. सोल्जर बुटांसकट देवघरात! भिंतींना चुना, जमिनीवर जंतुनाशक, सामान रस्त्यावर. लोकांच्या संतापाला सीमा राहिली नाही. २२ जूनला गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. आणि इतकं करून खरा गुन्हेगार, म्हणजे उंदराच्या अंगावरची पिसू, मोकळीच! पुढल्या साली कराचीत सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टराने तिला पकडलं; शहाण्यांनी तेही बरीच वर्षं मनावर घेतलं नाही.

म्हणून म्हणतो, पंप घेऊन आलेल्याला आधी विचारा, "किडा कोणता, राहतो कुठे?" ढेकूण गादीच्या शिवणीत, खाटेच्या खाचेत, वाळवी जमिनीतून भिंत चढते. दोघांना एकच औषध सांगणाऱ्याला दारातूनच नमस्कार. मग १९६८च्या कीटकनाशक कायद्याखालचा परवाना बघावा, औषधाचं नाव पावतीवर लिहून घ्यावं.

दौंडच्या मावशीने तर गड्याला गादी उसवून ढेकूण दाखवायलाच लावला. बूट मात्र त्याने न सांगता बाहेर काढले होते.