ठोकळ्यांच्या जगातील बिनतारी संदेश

‘माइनक्राफ्ट’ हा ठोकळ्यांवर ठोकळे रचून स्वतःचे जग उभारण्याचा संगणकीय खेळ जगभरातील मुलांच्या परिचयाचा आहे. स्वीडनमधील ‘मोजांग’ या कंपनीने त्याची पूर्ण आवृत्ती नोव्हेंबर २०११ मध्ये प्रसिद्ध केली. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये डॅनियल रॅटक्लिफ या प्रोग्रॅमरने या खेळासाठी ‘कॉम्प्युटरक्राफ्ट’ ही पूरक आज्ञावली तयार केली आणि ठोकळ्यांच्या या जगात चक्क संगणक अवतरला. दगड, काच व ‘रेडस्टोन’ ही लाल भुकटी यांपासून खेळाडू हा संगणक घडवतो आणि ‘लुआ’ या भाषेत त्याच्यासाठी खराखुरा प्रोग्रॅम लिहितो. ही भाषा १९९३ मध्ये ब्राझीलमधील रिओ दि जानेरो येथे जन्मली.

मूळ खेळात दूरवर संकेत पाठवण्यासाठी रेडस्टोनची भुकटी तारेसारखी अंथरावी लागते. हा संकेत १५ ठोकळ्यांनंतर विरतो, त्यामुळे वाटेत पुनःक्षेपक बसवावे लागतात. कॉम्प्युटरक्राफ्टने या अडचणीवर बिनतारी मोडेमचा उपाय दिला. दगडाचे आठ ठोकळे आणि एक ‘एंडर’ मोती यांपासून बनणारा हा मोडेम संगणकाच्या एखाद्या बाजूस बसवला, की संदेशांची देवाणघेवाण सुरू होते.

मोडेमला ० ते ६५,५३५ अशा क्रमांकांच्या वाहिन्या उपलब्ध असतात आणि एका वेळी त्यांपैकी १२८ वाहिन्या उघडता येतात. त्यावर ‘रेडनेट’ ही सोपी व्यवस्था उभारलेली आहे. प्रत्येक संगणकाला स्वतंत्र क्रमांक असतो. त्या क्रमांकावर एकालाच संदेश पाठवता येतो किंवा परिसरातील सर्वांना उद्देशून प्रक्षेपण करता येते. साध्या मोडेमचा पल्ला सर्वसाधारणपणे ६४ ठोकळ्यांचा असतो. मोडेम उंचावर नेल्यास तो वाढत जाऊन ३८४ ठोकळ्यांपर्यंत पोहोचतो. त्यामुळे खेळाडू डोंगरमाथ्यावर मनोरे बांधतात आणि तेथील संगणकाकडून संदेश पुढे पाठवण्याचे काम करून घेतात. वादळी हवामानासाठी वेगळा पल्ला ठरवण्याची सोयही सर्व्हरचालकाला असते. याउलट ‘एंडर’ मोडेमला अंतराची मर्यादाच नाही.

मोडेम संदेशासोबत पाठवणाऱ्याचे अंतरही कळवतो. या एका माहितीच्या आधारे खेळाडूंना स्थाननिश्चितीची यंत्रणा उभारता येते. उंचावर योग्य जागी चार संगणक बसवून त्यांना त्यांचे स्थान सांगून ठेवले, की भटकणारा यंत्रमानव त्या चौघांपासूनची अंतरे मोजून आपला ठावठिकाणा काढतो. उपग्रहांच्या साहाय्याने मोबाइलला जागा कळते, ती याच तत्त्वावर.

मात्र या व्यवस्थेच्या काही मर्यादा नवख्यांच्या ध्यानात येत नाहीत. संदेश पाठवला म्हणजे तो पोहोचला, असे नाही. समोरचा संगणक पल्ल्याबाहेर असेल किंवा जगाचा तो भाग त्या वेळी कार्यरत नसेल, तर संदेश हवेत विरून जातो आणि पाठवणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून जाणकार खेळाडू पोच मागवतात, ठराविक सेकंद वाट पाहतात आणि पोच न आल्यास संदेश पुन्हा पाठवतात. हवाई विद्यापीठाने १९७१ मध्ये बेटांवरील संगणक रेडिओने जोडले, तेव्हा ‘अलोहानेट’च्या रचनाकारांनाही हाच मार्ग पत्करावा लागला होता.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. समजा, एका खेळाडूने खजिन्याच्या दारासाठी परवलीचा शब्द ठरवला आणि तो आपल्या हातातील छोट्या संगणकावरून दाराकडे पाठवला. पल्ल्यातील कोणताही मोडेम कोणतीही वाहिनी उघडू शकत असल्याने तो शब्द शेजाऱ्यालाही ऐकू जातो. दुसऱ्या दिवशी तोच शब्द पाठवून शेजारी दार उघडतो. पाठवणाऱ्याचा क्रमांक तपासूनही उपयोग होत नाही, कारण तो क्रमांक पाठवणाऱ्याच्याच बाजूने संदेशात भरला जातो आणि त्यात खोटेपणा करता येतो. पाकिटावर प्रेषकाचे नाव कोणीही लिहू शकतो, तसाच हा प्रकार.

यावरील उपाय खऱ्या जगातलाच आहे. दाराने दर वेळी एक नवा यादृच्छिक आकडा पाठवावा. मालकाने तो आकडा आणि दोघांनाच ठाऊक असलेले गुपित यांवर ठरलेली गणिती प्रक्रिया करून केवळ उत्तर धाडावे. गुपित हवेत जात नाही आणि ऐकलेले उत्तर पुढच्या वेळी निरुपयोगी ठरते. अशा प्रक्रिया आणि कूटलेखनाच्या आज्ञावल्या खेळाडूंनीच लुआमध्ये लिहिल्या आहेत.

कॉम्प्युटरक्राफ्टची मूळ आज्ञावली २०१७ मध्ये सर्वांसाठी खुली झाली आणि ‘सीसी: ट्वीक्ड’ या नावाने तिचा विकास पुढे सुरू राहिला. तिच्या माहितीपुस्तिकेतही रेडनेट सुरक्षित नसल्याचा स्पष्ट इशारा आहे. रेल्वे स्थानकावरील वा उपाहारगृहातील खुल्या वाय-फायवर पासवर्ड टाकताना जो विचार करायला हवा, तो येथे मुलाला खजिन्याचे रिकामे दालन पाहून सुचतो. त्यात गेलेले हिरे ठोकळ्यांचे असतात, एवढाच काय तो फरक.