तेरावे शतक : देवगिरीचे सोने आणि हरवलेली पोथी

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात तेरावे शतक उदयकाळ म्हणून येते. शके १२०० च्या सुमारास म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, नेवाशास ‘ज्ञानेश्वरी’ पूर्ण झाली. आणि तिच्यानंतर दोनच वर्षांनी नरेंद्राचे ‘रुक्मिणीस्वयंवर’ आले. एखाद्या भाषेत इतक्या थोड्या अवधीत गद्यचरित्र, तत्त्वचिंतन आणि शृंगारकाव्य या तिन्ही वाटा अशा प्रौढ पावलांनी चालू लागाव्यात, ही घटना विलक्षणच म्हटली पाहिजे. तिचे स्पष्टीकरण देताना वाङ्मयेतिहासकार बहुधा यादवांच्या स्थिर राजवटीकडे बोट दाखवतात.

जगाच्या इतिहासात मात्र हेच शतक उलथापालथीचे आहे. १२०४ मध्ये धर्मयोद्ध्यांनी आपल्याच धर्माचे कॉन्स्टँटिनोपल लुटले. १२०६ मध्ये चंगीझखान मंगोल टोळ्यांचा अधिपती झाला, आणि त्याच वर्षी दिल्लीत तुर्कांच्या स्वतंत्र सत्तेची पायाभरणी झाली. १२२० मध्ये बुखारा व समरकंद पडले. १२२१ मध्ये ख्वारिझमचा पळता राजपुत्र जलालुद्दीन याने घोड्यासह सिंधूच्या पात्रात उडी घेतली. १२४१ मध्ये लाहोर लुटले गेले, १२५८ मध्ये बगदादची खिलाफत संपली, १२७९ मध्ये चीनमधील सुंग राजवंश बुडाला. या दोन इतिहासांची एकमेकांशी ओळख करून देण्याचे काम मराठी अभ्यासात फारसे झालेले नाही. जणू काही विंध्याच्या पलीकडचे वादळ आणि गोदातीरावरचे निरूपण या दोन वेगळ्या युगांतील गोष्टी आहेत.

मुळात यादवांची ही शांतता कितपत खरी होती, हे पाहिले पाहिजे. पाचव्या भिल्लमाने बाराव्या शतकाच्या अखेरीस देवगिरीला राजधानी वसवली, तेव्हापासून हे राज्य दक्षिणेस होयसळांशी, पूर्वेस काकतीयांशी, उत्तरेस माळवा व गुजरातशी सतत झुंजत होते. सिंघणाने कोल्हापूरच्या शिलाहारांचे राज्य बुडवले. महादेवाने उत्तर कोकणच्या सोमेश्वर शिलाहारावर चाल केली, तेव्हा लढाई समुद्रात झाली आणि सोमेश्वर बुडून मेला; हेमाद्रीने आपल्या धन्याच्या प्रशस्तीत त्याचा गौरवाने उल्लेख केला आहे. बोरिवलीजवळच्या एकसर येथील वीरगळांवर वल्ह्यांच्या नौकांची रांग आणि पाण्यात पडणारे योद्धे कोरलेले आहेत. काही अभ्यासक त्यांचा संबंध याच युद्धाशी जोडतात. घरातही स्वस्थता नव्हती. महादेवानंतर त्याचा मुलगा आमणदेव गादीवर बसला, त्याला १२७१ मध्ये चुलतभाऊ रामचंद्राने पदच्युत केले. रामचंद्राची माणसे नटांच्या वेषात किल्ल्यात शिरली आणि आमणाचे डोळे काढले गेले, अशी हकीकत महानुभाव परंपरेने जपली आहे. ज्ञानदेवांनी ग्रंथाच्या अखेरीस ज्या न्यायी राजाचा उल्लेख केला, तो हाच रामचंद्र. हा विरोध राजाच्या दोषापेक्षा त्या काळाचा रिवाज अधिक दाखवतो. शिवाय ज्ञानदेवांनी निरूपणासाठी घेतलेला ग्रंथ दोन सैन्यांच्या मधोमध उभ्या असलेल्या रथात सुरू होतो, हेही ध्यानात ठेवायला हवे.

तेव्हा यादवांचे राज्य युद्ध विसरले होते म्हणून पडले, हे मत टिकत नाही. इतिहासाचार्य राजवाड्यांनी हेमाद्रीच्या व्रतवैकल्यांवर आणि संतांच्या निवृत्तिमार्गावर ठपका ठेवला, आणि त्यांच्या भाषेच्या जोरामुळे तो पुढे पाठ्यपुस्तकांपर्यंत झिरपला. पण हेमाद्रीचा ‘चतुर्वर्गचिंतामणी’ वाचून कोणाची तलवार बोथट झाल्याचा पुरावा नाही. यादव लढत होते. फक्त ते ज्यांच्याशी लढत होते ते सर्व शेजारी होते, आणि लढाईचे नियम दोन्ही बाजूंना ठाऊक होते. हरलेल्याने खंडणी द्यावी, हत्ती द्यावेत, आणि पुन्हा आपल्या गादीवर बसावे. उत्तरेत गेल्या दोन पिढ्यांत युद्धाचा अर्थच बदलला होता, याची दखल देवगिरीने घेतली नाही. १२३४-३५ मध्ये अल्तमशाने माळव्यात शिरून उज्जैन लुटले, तेव्हा ही वार्ता नर्मदेच्या अलीकडे पोचलीच असणार.

हा बदल घडवला मंगोलांनी. त्यांच्या दहशतीमुळे मध्य आशियातले सरदार, विद्वान, कारागीर दिल्लीच्या आश्रयाला आले. वायव्येची सरहद्द राखण्यासाठी दिल्लीच्या प्रत्येक सुलतानाला मोठी फौज जय्यत ठेवणे भाग पडले, आणि फौजेला रोकड लागते. मिनहाज-ए-सिराजचा ‘तबकात-ए-नासिरी’ १२६० मध्ये दिल्लीत पूर्ण झाला. मंगोलांनी केलेल्या संहाराची हकीकत त्यात आहे, आणि तिच्यावरून दिल्लीच्या मनातील भीतीची खोली कळते. १२८५ मध्ये बल्बनाचा वडील मुलगा मुहंमद मुलतानच्या बाजूस मंगोलांशी लढताना मारला गेला. त्याच्या पदरी असलेला कवी अमीर खुसरो शत्रूच्या हाती सापडला आणि मोठ्या हालांनंतर सुटून आला. या कवीची देवगिरीच्या राजाशी पुढे गाठ पडायची होती.

अलाउद्दीन खलजी हा जलालुद्दीन सुलतानाचा पुतण्या आणि जावई, गंगाकाठच्या कडा प्रांताचा सुभेदार. माळव्यातील भिलशाच्या लुटीत त्याला देवगिरीच्या संपत्तीचा सुगावा लागला. फेब्रुवारी १२९६ च्या अखेरीस तो चुलत्याला न कळवता काही हजार स्वारांनिशी कड्याहून निघाला आणि एलिचपूरवरून देवगिरीसमोर येऊन ठाकला. वाटेतील घाटात कान्हा नावाच्या यादव सरदाराने त्याला अडवले. त्याच्या बाजूने दोन स्त्रियाही शौर्याने लढल्या, असे इसामी सांगतो. इसामीने आपले काव्य १३५० च्या सुमारास दक्षिणेतच रचले, म्हणून त्याची ही नोंद मोलाची. यादवांची मुख्य सेना युवराजाबरोबर दूर होती. किल्ल्यात घाईने भरलेली पोती धान्याची नसून मिठाची निघाली, ही प्रसिद्ध कथा फिरिश्ताने तीनशे वर्षांनी लिहिली आहे, आणि ती तितक्याच सावधपणे घ्यावी. सहाशे मण सोने आणि सात मण मोती हा त्याने दिलेला खंडणीचा आकडाही असाच. लूट अवाढव्य होती, एवढे मात्र सर्वच तवारिखकार एकमुखाने सांगतात.

जूनच्या आरंभी अलाउद्दीन कड्याला परतला. जुलैत त्याने भेटीस आलेल्या वृद्ध चुलत्याचा गंगेच्या वाळवंटात खून करवला. मग भर पावसाळ्यात तो दिल्लीकडे निघाला. मुक्कामामुक्कामावर मंजनीक नावाच्या दगडफेकी यंत्रातून जमावावर सोने उधळले जात होते, असे झियाउद्दीन बरनी लिहितो. किल्ले फोडण्याच्या यंत्राने राजनिष्ठा विकत घेतली गेली, आणि ते सोने देवगिरीचे होते. चार वर्षांपूर्वी याच खजिन्यातून रामचंद्राने ‘रुक्मिणीस्वयंवरा’च्या प्रत्येक ओवीला एक सुवर्णनाणे देऊ केले; काव्य आपल्या नावावर करावे, एवढीच त्याची अट होती. नरेंद्राने नकार दिला, अशी आख्यायिका आहे. ऑक्टोबर १२९६ मध्ये अलाउद्दीन दिल्लीच्या तख्तावर बसला. त्याच वर्षीच्या कार्तिकात, वद्य त्रयोदशीला, ज्ञानदेवांनी आळंदीत समाधी घेतली. या दोन घटनांत कार्यकारण शोधू नये. पण देवगिरीचा पाडाव ज्ञानदेवांच्या हयातीत घडला, ही साधी गोष्ट त्यांच्या चरित्रांतून सहसा सांगितली जात नाही.

आजच्या दिल्लीत सरोजिनी नगर ही केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी स्वातंत्र्यानंतर उभी राहिलेली वसाहत. तिच्या दक्षिणेला दोनेक मैलांच्या आत हौज खासचा तलाव आहे आणि आग्नेयेला, शाहपूर जाट गावाच्या आसपास, सिरीच्या तटाचे ढासळलेले अवशेष. १२९९ मध्ये मंगोल दिल्लीजवळ कीलीपर्यंत आले होते. १३०३ मध्ये तर्घीच्या नेतृत्वाखाली ते पुन्हा आले, तेव्हा चितोडच्या मोहिमेहून नुकत्याच परतलेल्या अलाउद्दीनला सिरीच्या मैदानात खंदक खणून सुमारे दोन महिने कोंडून घ्यावे लागले. संकट टळल्यावर त्याने तिथेच तटबंदीचे नवे शहर उभारले आणि त्याच्या पाण्यासाठी हौज-ए-अलाई खोदवला. तोच आजचा हौज खास. या तटाचा प्रत्येक दगड दक्षिणेच्या पैशाने बसला, असे कोणी म्हणणार नाही. पण रोख पगारावरील ज्या खड्या फौजेने मंगोलांना मागे रेटले, तिच्या उभारणीला देवगिरीच्या लुटीचा आधार होता, यात शंका घेण्यास जागा नाही. मंगोलांचा घोडा गोदावरीपर्यंत कधी आला नाही. त्याला थोपवण्याचा खर्च मात्र गोदावरीने भरला.

खंडणी थांबली म्हणून मलिक काफूर देवगिरीवर गेला आणि १३०७-०८ च्या सुमारास रामचंद्र दिल्लीत आणला गेला. इथे अपमान अपेक्षित होता, पण घडले उलट. त्याला ‘रायरायान’ हा किताब आणि एक लाख टंके देऊन परत पाठवण्यात आले. खुसरोने ‘खजाइन-उल-फुतूह’मध्ये या भेटीचे अलंकारिक वर्णन केले आहे. मंगोलांच्या दोरीने एकदा बांधला गेलेला हा कवी सिरीच्या दरबारात यादवराजाच्या सन्मानाची नोंद करतो, आणि तेराव्या शतकाचे दोन टोकांचे अनुभव एका लेखणीखाली येतात. रामचंद्राची कन्या सुलतानाला दिली गेली. तिच्या पोटी झालेल्या शिहाबुद्दीन उमर या बालकाला १३१६ मध्ये काफूरने काही दिवस तख्तावर बसवले, आणि लवकरच त्याचेही डोळे काढले गेले.

रामचंद्र यानंतर दिल्लीचा इमानी मांडलिक राहिला. वरंगळच्या आणि द्वारसमुद्राच्या मोहिमांना त्याने रसद पुरवली, वाट दाखवली. आणि तरीही शके १२३२ चा, म्हणजे १३१० चा, पुरुषोत्तमपुरीचा त्याचा ताम्रपट वाचावा : त्यात जुन्या थाटाची प्रशस्ती आहे, म्लेंच्छांपासून वाराणसी सोडवल्याचा दावा आहे, आणि दिल्लीचा उल्लेख नाही. ही निव्वळ फुशारकी मानून सोडून देण्याजोगी गोष्ट नव्हे. घडलेले सांगण्यासाठी दरबारी संस्कृतकडे साचाच नव्हता. विजय आणि दान यांसाठी तिच्याजवळ शब्दांचे भांडार होते. पराभवासाठी एकही वृत्त नव्हते. पुढे रामचंद्राचा मुलगा बंड करून १३१३ मध्ये मारला गेला, जावई हरपाळदेवाचा १३१८ च्या सुमारास क्रूर वध झाला, आणि ताम्रपट संपले.

मराठीने तरी हे सांगितले काय? सरळ सांगितले नाही. अभंगांत वा ओव्यांत १२९६ शोधणाऱ्याच्या हाती फार थोडे लागेल. तो शोध ग्रंथांच्या आशयात न घेता त्यांच्या पोथ्यांत घ्यावा लागतो. महानुभाव परंपरेत या आक्रमणाला ‘खालशाची धाड’ म्हणतात. तीत पंथाची माणसे ग्रंथ घेऊन कोकणाच्या दिशेने निघाली, वाटेत लुटली गेली, आणि ‘लीळाचरित्रा’ची मूळ पोथी नाहीशी झाली, असे ही परंपरा सांगते. चक्रधरस्वामींच्या बोलण्या-वागण्याच्या आठवणी म्हाइंभटांनी गावोगाव हिंडून, एकेका साक्षीदाराला विचारून जमवल्या होत्या. हे काम पंथाला आता दुसऱ्यांदा, स्मरणाच्या बळावर करावे लागले. ज्या स्त्रीपुरुषांना ग्रंथ मुखोद्गत होता त्यांनी तो पुन्हा सांगितला. त्यात हिराइसा या विदुषीचे नाव अग्रभागी आहे. एकाचे आठवणे दुसऱ्याच्या आठवण्याशी तंतोतंत जुळणे शक्यच नव्हते. म्हणून पाठ झाले : हिराइसापाठ, रामेश्वरपाठ, पिढीपाठ. मराठीतील पहिल्या गद्यग्रंथाचे एकच शुद्ध रूप आपल्यापाशी नाही, याचे कारण लेखनिकांच्या आळसात शोधण्यापूर्वी देवगिरीच्या पायथ्याशी शोधले पाहिजे.

संपादक पाठभेदांना तळटीपेत बसवतो, विद्यार्थी त्यांना वळसा घालून पुढे जातो. वास्तविक ‘लीळाचरित्रा’तील एखादी लीळा दोन पाठांत वेगळ्या क्रमाने येते, एखाद्या गावाचे वा माणसाचे नाव एकात असते आणि दुसऱ्यात गळते, तेव्हा जे दिसते ते घरेदारे सोडून निघालेल्या माणसांचे स्मरण असते. हे स्मरण मुख्यतः स्त्रियांनी आणि साध्या भिक्षुकांनी वाहिले, ही गोष्टही त्या पंथाच्या भाषाविषयक भूमिकेशी सुसंगत आहे. संस्कृतात लिहिले तर आपल्या म्हाताऱ्या बायाबापड्या नागवल्या जातील, या काळजीने नागदेवाचार्यांनी केशिराजबासांना मराठीचा आग्रह धरला होता. ग्रंथ बायाबापड्यांच्या तोंडी बसला होता, म्हणूनच तो वाचला. पुढच्या काळात पंथाने आपल्या पोथ्या सकळ लिपीत, म्हणजे सांकेतिक अक्षरांत, लिहायला सुरुवात केली. या कुलपामागे सांप्रदायिक कारणे होतीच. एकदा सर्वस्व गमावल्याची धास्तीही असावी. ते कुलूप पंथाबाहेरच्या वाचकांसाठी विसाव्या शतकाच्या आरंभी उघडले, आणि ‘लीळाचरित्रा’ची संपादित आवृत्ती हरि नारायण नेने यांनी त्याच शतकाच्या चौथ्या दशकात छापायला घेतली.

‘ज्ञानेश्वरी’च्या वाट्याला अशी एकाएकी लूट आली नाही, पण हातोहात उतरताना तिच्यातही अपपाठ साचत गेले. शके १५०६ मध्ये, इ. स. १५८४ साली, एकनाथांनी निरनिराळ्या प्रती ताडून तिचा पाठ शुद्ध केला. एकनाथ पैठणचे. त्यांचे शिक्षण मात्र झाले गुरू जनार्दनस्वामींच्या घरी, देवगिरीच्या डोंगरावर. परंपरेनुसार जनार्दनस्वामी निजामशाहीच्या चाकरीत त्या किल्ल्याचे किल्लेदार होते, आणि किल्ल्याचे नाव तोवर दौलताबाद झाले होते. हिशेबातील एका पैची चूक शोधत एकनाथ रात्रभर जागले, ही सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट तिथलीच.