नवाबी बुडाली, गावगाडा बुडाला का?

मुरुडचा जंजिरा अजिंक्य म्हणून मिरवला जातो. शिवराय आणि संभाजीराजांनाही तो घेता आला नाही. आफ्रिकेतून गुलाम, सैनिक, खलाशी म्हणून आलेल्या सिद्दींनी येथे राज्य उभारले. कर्तबगारी जन्मावर ठरत नाही, याचा हा पुरावाच! पण पुढे ही नवाबी इंग्रजांच्या आधारावर तगली. १९४७ ला तो आधार गेला. नानासाहेब पुरोहित, मोहन धारिया यांच्या जनलढ्यापुढे नवाब नमले आणि १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले.

चीनमध्येही १९१२ साली सहा वर्षांच्या सम्राटाची गादी गेली, छिंग घराणे संपले. पण सत्ता शेतकऱ्याच्या हाती आली नाही, ती लष्करी सरदारांनी वाटून घेतली.

म्हणून आम्ही विचारतो, नवाब गेला, जात गेली का? बाबासाहेबांनी १९२७ मध्ये महाडला पाण्याचा, तर १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडून जमिनीचा प्रश्न उभा केला. गादी उलथली तरी पाणवठा आणि सातबारा जुन्याच हातांत राहतो, हे त्यांनी ओळखले होते.

किल्ला पाहायला जरूर जा. परतल्यावर आपल्या गावची जमीन कोणाच्या नावावर आहे, तेही तपासा.

जय भीम!