इंजिन लागेपर्यंत

मुंबईहून पुण्याला जाताना कर्जत सोडलं की सह्याद्री आडवा येतो; हा बोरघाट. सोळा मैलांच्या आतबाहेर अंतरात रेल्वेला १८३१ फूट चढायचं असतं. सर्वांत अवघड टप्प्यात सदतीस फूट पुढे सरकल्यावर गाडी एक फूट वर गेलेली असते; रेल्वेतली माणसं त्याला 'सदतीसला एक' म्हणतात. मोटारीला हा चढ काहीच नाही, पण गुळगुळीत रुळावरच्या गुळगुळीत चाकाला तो फार झाला. म्हणून गाडी कर्जतला थांबते, मागून ढकलणारी इंजिनं तिला जोडली जातात, आणि ती जोडली जाईपर्यंत डब्यातल्या माणसांना दुसरं काही काम नसतं. आपल्याकडच्या प्रवासातल्या खाण्याचा इतिहास मला विचाराल तर मी हॉटेलांपासून सुरुवात करणार नाही, या रिकाम्या मिनिटांपासून करीन.

मी या घाटातल्या एका ड्रायव्हरची मुलगी. वडील बँकरवर होते, म्हणजे मागच्या इंजिनावर. पुढचा ड्रायव्हर गाडी ओढतो, मागचा रेटतो, आणि दोघांचं बोलणं शिट्ट्यांवर चालतं. घरी खाण्यापिण्याच्या गप्पा निघाल्या की वडील प्रत्येक पदार्थाचं श्रेय इंजिनाला द्यायचे. कर्जतचा वडा, लोणावळ्याची चिक्की, इगतपुरीचा वडा: गाडी थांबली नसती तर यातलं काय तुमच्या तोंडी लागलं असतं, असा त्यांचा सवाल असे. लहानपणी ही मला रेल्वेवाल्याची फुशारकी वाटे. आता पटतं.

बोरघाटातून बैलगाड्या-घोडागाड्यांचा रस्ता १८३० मध्ये, माल्कम गव्हर्नर असताना सुरू झाला. रेल्वेचं काम १८५६ मध्ये हाती घेतलं गेलं. कंत्राट फिरून सॉलोमन ट्रेडवेल या इंग्रजाकडे आलं. तो हिंदुस्थानात उतरला आणि थोड्याच दिवसांत वारला. कंत्राट सोडून परतायचं की पुढे न्यायचं, हा प्रश्न त्याच्या बायकोपुढे होता. ॲलिस ट्रेडवेलने ते पुढे नेलं, हाताखाली अनुभवी इंजिनिअर ठेवून पुरं करवलं. ऐन भरात या घाटात चाळीस हजारांहून जास्त मजूर राबत होते. पंचवीस बोगदे फोडले गेले, पटकीने माणसं पटापट मेली, आणि २१ एप्रिल १८६३ रोजी गाडी वर चढली. कर्जत स्टेशनात ॲलिसबाईंच्या नावाचा निदान एक बाक तरी असावा, असं मला फार वाटतं.

मधल्या काळात मोठी गंमत होती. पुणे ते खंडाळा गाडी १८५८ मध्ये सुरू झाली होती आणि खालून खोपोलीपर्यंत रूळ आधीच आले होते. मधला घाट मात्र पालखीत, तट्टावर नाहीतर पायी उतरायचा आणि खाली दुसरी गाडी धरायची. तेव्हा लोक काय खात असतील? घरून बांधून आणलेलं. याबद्दल मला शंका नाही, कारण पुढची साठ-सत्तर वर्षंही आमच्याकडची बरीच माणसं तेच करत होती.

त्या शिदोरीतला खरा प्रवासी पदार्थ म्हणजे दशमी. कणीक पाण्यात न भिजवता दुधात भिजवायची. पाण्यात शिजलेलं ते खरकटं, त्याला शिवाशिवीचा बाध. दुधातलं मात्र वाटेत चालतं. शास्त्र काढणाऱ्यांनी पळवाटही काढून ठेवली होती. शिवाय दशमी मऊ राहते आणि दोन दिवस टिकते, त्यामुळे पोटाचंही काम भागे. बाहेर काही तोंडात घालणं ही तेव्हा साधी बाब नव्हती. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटं पुढे आली, तर टिळक-रानड्यांसारख्यांपर्यंत प्रायश्चित्ताचं लचांड गेलं. स्टेशनांवर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' असे वेगळे माठ होते. डब्यात सगळे मांडीला मांडी लावून बसत, तहान तेवढी वेगवेगळी लागत असे.

माझी आजी त्या जगातली शेवटची. स्टेशनवरचा चहा ती घेत नसे, पाणीही घरचंच, फिरकीच्या तांब्यातलं. चिक्की मात्र चाले, कारण तिला पाण्याचा स्पर्श नाही. आणि कर्जतचा बटाटेवडाही चाले! बेसन पाण्यातच कालवतात हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण 'तेलात पडलं की सगळं सुटलं' असा तिने स्वतःपुरता निवाडा देऊन टाकला होता. त्यावर अपील नव्हतं. सोवळं तळणीपुढे हरलं ते कुठल्या चळवळीमुळे नाही, वासामुळे, असं मला आजीकडे पाहून वाटत आलंय.

पण वडाच का? याचं उत्तर डब्यात आहे. जुन्या गाड्यांचे डबे एकमेकांना आतून जोडलेले नसत. एकदा चढलात की पुढच्या स्टेशनापर्यंत तुमचा डबा हेच तुमचं जग. तेव्हा माणसाने खाण्याकडे जायचं नसे, खाण्याने माणसाकडे यायचं, तेही खिडकीतून. आणि खिडकीला आडवे गज. ताट त्यातून आत जात नाही, वाटी तिरकी होऊन सांडते. कागदात गुंडाळलेला वडा बरोबर जातो. त्याला ताट नको, चमचा नको, बसायला जागाही नको. बटाट्याची भाजी बेसनाच्या आवरणात बंद असल्याने आतली वाफ पळसदरी मागे पडेपर्यंत टिकते. एका हातात वडा, दुसऱ्या हातात पोर, असाही तो खाता येतो.

कर्जतला दिवाडकरांचे वडे. बाकीच्यांनी राग मानू नये, पण कर्जत म्हटलं की लोकांच्या तोंडी हेच नाव येतं. तळण्याचं गणित गाडीच्या वेळेवर बसवलेलं असे. खालच्या स्टेशनातून गाडी सुटल्याचं कळलं की घाणा कढईत सोडायचा; लवकर सोडला तर वडे निवतात, उशिरा सोडला तर इंजिन लागून गाडी निघून जाते. सोबत लसणीची कोरडी चटणी आणि मीठ लावून तळलेली मिरची. चटणी कोरडी असण्यातही शहाणपण आहे: ओली चटणी कागदातून पाझरते आणि मग शेजाऱ्याच्या धोतराशी गाठ पडते. गाडी हलली की विकणारी पोरं फलाटावर रांगेत उभी राहून निघालेल्या गाडीला नमस्कार करत. हे मी पुष्कळदा पाहिलंय आणि त्याचं कारण कधी विचारलं नाही. वडील म्हणायचे, तो नमस्कार मागच्या इंजिनाला असतो. त्यांचं म्हणणं आम्ही सोडून देत असू.

वडापावशी याची गल्लत करू नये. तो मुंबईचा, १९६६ च्या सुमाराला दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्यांच्या गाडीवर जन्मल्याचं सांगतात. तो धावत्या माणसाचा पदार्थ आहे, घाईत पोट भरायचं म्हणून त्यात पाव आला. कर्जतचा वडा थांबलेल्या माणसाचा. पाव घ्या, न घ्या, त्याचं काही अडत नाही.

आणि हा योगायोग नव्हे याचा पुरावा थळघाटात आहे. नाशिककडे जाणाऱ्या मार्गावर कसारा ते इगतपुरी असाच चढ, तोही सदतीसला एक. तिथेही मागून इंजिनं लागतात. इगतपुरीत तर थांबा आणखी लांबायचा, कारण मुंबईकडची वीज डीसी आणि पुढची एसी, त्यामुळे गाडीचं इंजिनच बदलावं लागे. आणि इगतपुरीला काय प्रसिद्ध? वडा! दोन घाट, दोन थांबे, पदार्थ एकच. नंतर सगळीकडे एसी आली, इंजिन बदलायचं कारण उरलं नाही, आणि इगतपुरीचा फलाट पूर्वीसारखा गजबजत नाही.

आमच्या घाटात वीज आली ती १९२९ च्या सुमाराला. त्याआधी अर्ध्या वाटेवर गाडीला तोंड फिरवावं लागे: एका बाजूने चढत यायचं, रिव्हर्सिंग स्टेशनात इंजिन दुसऱ्या टोकाला लावायचं आणि उलट्या दिशेने पुढचा चढ धरायचा. नवे बोगदे काढून ती कटकट संपवली. मग आली ती विजेची इंजिनं, त्यातल्या एका जातीला सगळे 'खेकडा' म्हणत. चालताना ते असं कण्हायचं की लोणावळ्यात अंथरुणात पडल्यापडल्या खेकडा चाललाय की दुसरं काही, हे आम्हाला सांगता येई.

लोणावळ्याला मागची इंजिनं सुटतात. म्हणजे पुन्हा थांबा, पुन्हा रिकामी मिनिटं, आणि इथे चिक्की. तिची कुळकथा गावात अशी सांगतात, की रेल्वेच्या कामावरच्या मजुरांना गूळ, शेंगदाणे आणि तूप यांची गुडदाणी विकली जायची आणि तिच्यातूनच पुढे मगनलालची चिक्की उभी राहिली. कथा खरी असो वा खुलवलेली, पदार्थाला ती शोभते. खरं नवल वेगळंच आहे. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जूनपासून भिंतींना ओल, कपाटात बुरशी, मीठ पाणावलेलं. चिक्कीचा तर ओल हा उभा वैरी. उघडी राहिली की तासाभरात सादळते, दाताला चिकटते. अशा गावाने नाव काढावं तेही चिक्कीवर! याचा उलगडा एवढाच, की चिक्की लोणावळ्यात खायची नसतेच. ती पुण्याला नाहीतर मुंबईला न्यायची. पाक पुरता चढवून, म्हणजे थेंब पाण्यात टाकल्यावर टणक होईल इतका, वड्या पाडून लगेच कागदात बांधतात. आम्ही गावातली माणसं ती पाहुण्यांना देत असू, घरी क्वचितच फोडत असू.

उतरणीची बाजू निराळी. मुंबईकडे येणाऱ्या गाडीला ढकलायचं नसतं, आवरायचं असतं. मंकी हिल, ठाकूरवाडी इथे रुळाला फाटे काढलेले आहेत, ब्रेक न लागलेली गाडी चढाच्या आंधळ्या फाट्यात शिरून थांबावी म्हणून. प्रत्येक गाडीने तिथे उभं राहायचं, ताबा असल्याचं दाखवायचं, मगच पुढचा सिग्नल. इथे फलाट नाही, दुकानाची सोय नाही. पण एप्रिल-मे महिन्यात ठाकर-कातकरी बाया पानांच्या द्रोणांत करवंदं-जांभळं घेऊन रुळाकडेला उभ्या असत. गाडी थांबणार, कुठे थांबणार, किती वेळ थांबणार, हे त्यांना वेळापत्रकावाचून ठाऊक. वड्याच्या आणि चिक्कीच्या नावाच्या पाट्या लागल्या. या बायांचं नाव कुणी कुठे लिहिलं नाही. मला विचाराल तर या घाटातली सर्वांत चांगली चव त्यांच्या द्रोणात होती, किंचित तुरट, चीक बोटांना चिकटणारी.

हे सगळं मुख्यतः तिसऱ्या वर्गाचं खाणं. वरच्या वर्गांसाठी १ जून १९३० रोजी डेक्कन क्वीन निघाली. तिला डायनिंग कार होती: टेबलं, पांढरं कापड, काटे-चमचे, चीज टोस्ट, ऑम्लेट, कटलेट. सुरुवातीला गाडीत फक्त पहिला आणि दुसरा वर्ग. तिसरा १९५५ मध्ये आला. त्यानंतर माझ्यासारख्यांच्या आयांनी पहिल्यांदा चालत्या गाडीत खुर्चीवर बसून कटलेट खाल्लं. आईचं मत असं होतं की कटलेटपेक्षा किटली चांगली, कारण तीतला चहा घाटात वळणावरही सांडत नाही. डायनिंग कार अजून आहे. २०२२ मध्ये नवे डबे आले तेव्हा तिच्यात बसायच्या जागा ३२ वरून ४० झाल्या. मात्र डायनिंग कारमध्ये बसलेली माणसंही कर्जतला खिडकीबाहेर पाहतात, हे मी पाहिलेलं आहे.

रस्त्याबद्दल फार लिहावंसं वाटत नाही. खोपोलीला घाट चढण्यापूर्वी मोटारींची इंजिनं निववायला लोक थांबत, तिथेही वडेच विकले गेले. पुन्हा तोच नियम. एक्सप्रेस वे झाल्यावर फूड मॉल आला. तिथे माणूस थांबतो ते गाडीसाठी नव्हे, स्वतःच्या मर्जीने, आणि समोर इतकं काही मांडलेलं असतं की काय खाल्लं ते पुण्याला पोचेपर्यंत आठवत नाही.

१० फेब्रुवारी २०२३ पासून मुंबई-सोलापूर वंदे भारत सुरू झाली. तिची चाकं डब्याडब्यातून फिरवली जातात, सगळा जोर एका इंजिनावर नाही, त्यामुळे बोरघाट ती मागच्या रेट्याशिवाय चढते. कर्जतला तिला काम नाही. खाणं जागेवर येतं, झाकण लावलेल्या डब्यांतून, आणि खिडकी उघडत नाही. वडील असते तर आधी तिच्या मोटारींबद्दल तासभर कौतुकाने बोलले असते आणि मग विचारलं असतं, खायला काय दिलं?

तरी बहुतेक गाड्या अजून कर्जतला थांबतात. जायचंच असेल तर अशीच गाडी निवडा आणि खिडकीची जागा धरा. सुटे पैसे कल्याण सोडल्यावर हातात काढून ठेवा. दोन वडे मागा, चटणी कोरडीच मागा. मागे इंजिन लागताना डब्याला एक धक्का बसतो, तोवर पहिला घास घेऊ नका.